अर्थिंग

तुळसानं फोनवर सांगितलं,
"मॅडम, तुम्ही वाचता तेव्हा मागं कुणीतरी भजे तळायलंय."
अकरावीचा इतिहास, पाठ तिसरा.
हडप्पाची गटारं मी इतकी नीट वाचली होती
आणि तिला ऐकू आले भजे.

संगणक नवा. नांदेडहून सुमेध हत्तीअंबीरेनं जोडून आणलेला,
काळी पेटी, बाजूला काच, आत जांभळा पंखा
लग्नाच्या मांडवासारखा उगीचच उजळणारा.
जुन्या लॅपटॉपवर हाच माइक चार वर्षं गुमान बोलला,
इथं आला आणि तडतडायला लागला.

मी आधी पुढचं पोर्ट सोडून मागचं धरलं.
मग मागचं सोडून त्याच्या खालचं, निळं.
केबल बदलली. हब काढून फेकला,
बिचारा निर्दोष होता, नंतर कळलं.
ड्रायव्हर उतरवला, चढवला, पुन्हा उतरवला,
मागून आणलेल्या दागिन्यासारखा.

सुमेध फोनवरून म्हणाला, "आवाजाच्या सेटिंगात आकडा बघा."
माइक म्हणत होता चव्वेचाळीस हजार एकशे,
मशीन म्हणत होतं अठ्ठेचाळीस हजार.
एकाच सेकंदाचे दोघांनी वेगवेगळे तुकडे केलेले,
आणि जे बसत नव्हतं ते फटीत पडायचं. तड.
"दोघांना एका आकड्यावर आणा."
आणलं.
"आता पोर्टाची झोप बंद करा,
वीज वाचवायला ते मधेच डुलकी घेतंय."
सेलूत येऊन वीज वाचवायची गरज नव्हती त्याला.
ते काम आमच्याकडं महावितरण करतं.

भजे थांबले.
आणि भज्यांखाली इतके दिवस दबलेली
एक गुणगुण वर आली.
एकसुरी. काचेवर अडकलेल्या माशीसारखी.
मी गप्प बसले की ती बोलायची,
स्वल्पविरामात डोकवायची,
पूर्णविरामात तर ठाण मांडून.
पेटीला हात लावला की कमी व्हायची,
आणि मी अनवाणी असले
तर बोटापासून कोपरापर्यंत मुंग्या.

खाजामियाँ टेस्टर घेऊन आले.
पेटीच्या पत्र्याला टेकवला, तो मंद पेटला.
बोर्ड उघडलं, हिरवी वायर ओढून पाहिली,
मग अंगणात जाऊन कोपऱ्यातली फरशी उचलली,
बराच वेळ खाली बघितलं.
"मॅडम, तुमच्या घराला अर्थच नाही."
मी हसले. ते हसले नाहीत.
"मीठ आहे, कोळसा आहे, पट्टीबी शाबूत.
लेकिन सूखा है पूरा.
ह्याला पाणी पाजलंच नाही का कधी?"

एप्रिल. नळ नवव्या दिवशी.
तांदूळ धुतलेलं, मेथी धुतलेलं, कूलरच्या तळाचं,
जे उरलं ते पातेल्या-पातेल्यानं त्या खड्ड्यात.
पहिलं पातेलं तर मातीनं आवाज करून प्यायलं.
शेजारच्या रुक्मिणबाई कंपाउंडवरून बघत होत्या,
"तिथं झाडबी नाही काही, कशाला घालायलात?"
"आवाजाला," म्हणाले.
त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

चौथ्या दिवशी हेडफोन लावला.
माशी नव्हती.
इतकं स्वच्छ, की मला माझा गिळलेला आवंढा ऐकू आला
आणि फार लांब, मालगाडी.
ती जाईपर्यंत थांबले.
पाठ तिसरा पहिल्यापासून वाचला,
गटारांसकट.

तुळसाचा फोन आला.
"भजेवाला गेला का?"
"गेला."
ती थोडा वेळ काही बोलली नाही.
"चांगलं झालंय. पण मॅडम, परिच्छेद संपला की
तुम्ही उठून गेल्यासारखं वाटायलंय."

म्हणून आता परिच्छेद संपला की
मी खुर्ची जराशी हलवते.
पान जोरात उलटते.